पाण्याखालचा बारमाही रस्ता

"तोरण्याला दोन माच्या आहेत, हणम्या! दोन! तू एकच केलीस!"

"दुसरीला माती संपली."

"मग आण की! संपली म्हणून बसून काय राहिलास?"

"आणतो ना. पण आधी एक चकली."

"ही सहावी आहे!" शिवानी कडाडली.

करंजवाडीत दिवाळीच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता आणि किल्ला अर्ध्यावर अडला होता. शिवानी सातवीतली. आवाज मोठा, हात भराभर चालणारे आणि डोकं त्याहून भराभर. हनुमंत ऊर्फ हणम्या सहावीतला. त्याचं पोट आणि तोंड, दोन्ही सदा चालू. मोहिनीही सहावीतलीच. ती राहायची वरच्या धनगरवाड्यावर, तासाभराच्या चढणीवर. रोज डेअरीला दूध घेऊन खाली उतरायची आणि शाळा करून वर जायची. सुट्टीतही तिचं दूध चुकत नव्हतं, म्हणून खेळही चुकत नव्हता. चौथा अमृत, शिवानीचा आत्तेभाऊ, पुण्याहून आलेला. किल्ला बांधायला हौसेनं बसला होता, पण चिखलात हात घालताना अजून तोंड वाकडं करत होता.

"शाळेमागं तांबडी माती लई हाय," मोहिनी म्हणाली. "घमेलं घ्या, चला!"

शाळा म्हणजे तरी केवढी? दोन खोल्या, एक व्हरांडा, खिचडीची एक खोली आणि सतरा मुलं! पण सातवीपर्यंत होती, आणि पंचक्रोशीत तिच्याइतकी स्वच्छ शाळा नव्हती. असं करंजवाडीची मुलं सांगायची. खरं-खोटं बघायला कोण जातंय!

चौघं कोपऱ्यावरून वळली आणि थबकली. शाळेच्या दारात टेम्पो उभा होता. मागचं फळकं खाली पाडलेलं, आत बेंच रचलेले. बेंचवर टीव्ही, टीव्हीवर पृथ्वीचा गोल. आणि खिचडीच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू येत होता.

"पातेलं न्यायचं तर मला उचलून न्या! बघू तुझ्या अंगात किती बळ हाय ते!"

ठकुमावशींचा आवाज! गेली अकरा वर्षं शाळेची खिचडी त्याच शिजवत होत्या. आत बघतात तो काय, मावशी भल्या थोरल्या पालथ्या पातेल्यावर मांडी घालून बसलेल्या आणि समोर घामाघूम झालेला टेम्पोवाला पप्पूदादा!

"अगं मावशे, म्या काय चोर हाय का? हे बघ, ऑर्डर हाय! सायबांनी दिली!"

शिवानीनं कागद हातातून ओढूनच घेतला. तिनं मोठ्यानं वाचलं. करंजवाडीच्या शाळेचा पट वीसपेक्षा कमी असल्यामुळे तिचं समायोजन साळवणे येथील शाळेत करण्यात येत आहे. सुट्टीनंतर सर्व विद्यार्थ्यांनी तिथे जावं. साहित्य हलवावं.

"समायोजन म्हंजे काय?" हणम्यानं विचारलं.

उत्तर अमृतनं दिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"शाळा बंद. गोड भाषेत. पुण्यात आमची शाळा अशीच गेली. आम्ही सुट्टीत होतो आणि आधी टेम्पो आला. जूनमध्ये गेलो तर दाराला कुलूप! आमच्या वर्गाची तीन शाळांत वाटणी केली. मी दोन बस बदलून जातो. माझ्या शेजारी बसणारा मुलगा तर शाळेत जातच नाही आता, गॅरेजवर जातो. आणि आम्ही काहीच केलं नाही. काय करायचं तेच माहीत नव्हतं."

मोहिनी मटकन पायरीवर बसली.

"माझी शाळा सुटली मग," ती म्हणाली. "बाबा म्हनलेत, ही शाळा हाय तवर शिक. पुढं म्हसरामागं यायचं."

"गप गं! असं कसं सुटेल!" शिवानी ओरडली. ती पुन्हा कागद वाचू लागली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ए, हे ऐका! 'करंजवाडी ते साळवणे, अंतर एक किलोमीटर. रस्ता बारमाही.'"

"एक किलोमीटर?" हणम्याची चकली हातातच राहिली. "साळवणे?"

चौघांनीही एकदम मान वळवली. शाळेसमोर उतार, उतारापुढे धरणाचं निळंशार, काठोकाठ भरलेलं पाणी. आणि पाण्याच्या पलीकडे, अगदी समोर, साळवण्याच्या शाळेचं लाल छप्पर.

"पप्पूदादा," शिवानीनं गोड आवाजात विचारलं, "तुम्ही हे सामान साळवण्याला कसं नेणार?"

"कसं म्हंजे? धरनाला वळसा घालून! अठरा किलोमीटर! तेबी घाटातनं!"

"पण ऑर्डरीत तर एकच लिहिलंय."

पप्पूदादानं कागद घेतला, पाणी बघितलं, पुन्हा कागद बघितला. मग तो टेम्पोच्या फळक्यावर बसला.

"आयला! मंग म्या टेम्पो आणला कशाला? होडीच आणायची की!"

"दादा, आज नेऊ नका," शिवानी म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत थांबा. काहीतरी घोळ आहे आणि आम्ही तो शोधणार आहोत."

"आन नेलंच," पातेल्यावरून मावशी गरजल्या, "तर मलाबी टेम्पोत घालून ने, आन अठरा किलोमीटर माझी बडबड ऐक!"

पप्पूदादानं निमूट चावी खिशात टाकली.

अमृतच्या मोबाईलवरून शाळेच्या अश्विनी मॅडमना फोन लावला. त्या सुट्टीसाठी गावी गेल्या होत्या.

"मलाही कालच कळलं रे," त्या म्हणाल्या. "हरकत लिहिलीय मी. पण हरकतीची मुदत उद्या संपते आणि अहवालावर सरपंचांची सही आहे. पुरावा काय, म्हणून विचारतात. मी पहिल्या गाडीनं निघते."

सरपंच आनंदराव म्हणजे हणम्याचे चुलते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. तात्या खळ्यावर भात झोडत होते.

"तात्या, तुमी शाळा बंद करायला सही केली?" हणम्यानं सरळ तोंडावर विचारलं.

"म्या? कवा?" तात्यांनी पेंढी खाली ठेवली. "हां, शिक्षण खात्याचे घोलप सायेब आल्ते. मे महिन्यात. शाळेची पाहणी म्हनले. उन्हाचं फिरले बिचारे, गाडीवर. म्या ताक पाजलं. कागद म्होरं केला, म्या सही केली. फोटू बी पाठवलाय सायबांनी."

"वाचला होता कागद?"

"चष्मा घरी व्हता."

"तात्या!" चौघं एका सुरात ओरडली.

"वरडू नगा! फोटू बघा, फोटू!"

तात्यांच्या मोबाईलवर खरंच फोटो होता. काळा चष्मा लावलेले घोलप साहेब मोटरसायकलला टेकून ऐटीत उभे. मागे कोरडी भेगाळलेली जमीन, बाजूला कलिंगडाचे वेल आणि शेजारी दगडाचा एक नंदी. फोटोखाली लिहिलं होतं, 'साळवणे शाळेकडे जाणारा रस्ता. प्रत्यक्ष पाहणी.'

"रस्ता तर दिसतोय," अमृत हिरमुसला. "गाडी पण गेलीय."

"थांब," मोहिनी म्हणाली. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ह्या नंदीचा डावा कान तुटलेला हाय."

"मग?"

"मग काय! हा बुडीत म्हादेवाचा नंदी हाय! आमची शेरडं उन्हाळ्यात हितंच चरत्यात. म्या ह्याच्या पाठीवर बसून डबा खाल्लाय!"

हणम्यानं कपाळावर हात मारला. "खरंच की! बुडीत म्हादेव!"

"कुणी मला सांगेल का?" अमृत वैतागला.

शिवानीनं सांगितलं. धरण बांधलं तेव्हा जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते महिना-दोन महिने वर येतं. मग धरणाच्या पोटातून आरपार जाता येतं, लोक तिथं कलिंगडं लावतात, गाड्याही नेतात. पण पाऊस सुरू झाला की देऊळ गडप! शाळा जूनला उघडते, तेव्हा रस्ता पाण्याखाली जायला लागलेला असतो.

"म्हणजे शाळा चालू तेव्हा रस्ता बंद आणि शाळेला सुट्टी तेव्हा रस्ता चालू!" अमृत ओरडला. "आणि ह्यांनी लिहिलं बारमाही!"

तात्या खळ्यावरच खाली बसले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पोरांनो, लई चुकलं. पण आता सायबाला कसं सांगायचं? सही माझीच हाय. तुमीच सही केली आन तुमीच बोंबलता, म्हनंल त्यो."

"सांगायचं नाही तात्या," शिवानीचे डोळे चमकले. "दाखवायचं! फक्त आधी एक काम आहे. साहेब म्हणतील, गुडघाभर पाणी असेल, चार दगड टाकले की झालं. ते किती आहे हे आपल्याला मोजायला हवं."

मासे धरणाऱ्या फुलाबाईंची होडी काठाला होती. फुलाबाई फार बोलायच्या नाहीत, पण हो म्हणाल्या की हो.

"दोगंच या," त्या म्हणाल्या. "आन माज्या होडीत उभं ऱ्हायचं न्हाई."

मोहिनीला जागा ठाऊक होती आणि अमृतला पोहायला येत होतं, म्हणून ती दोघं निघाली. फुलाबाईंनी दोघांच्याही अंगाला तरंगायला रिकामे डबे बांधले. हणम्यानं काठावरून सूचना द्यायचं काम आपणहून पत्करलं. मोहिनीच्या हातात दोरीचं वेटोळं होतं. दोरीच्या टोकाला दगड, आणि दर पुरुषाला, म्हणजे माणूस हात वर करून उभा राहील तेवढ्या अंतरावर, एक गाठ.

धरणाच्या मधोमध वारा सुटला. होडी डुलायला लागली. एक लाट आत आली आणि अमृतच्या मांडीवर सांडली.

"बाप रे!" अमृत ताडकन उठला.

"खाली बस की गुमान!" फुलाबाई खेकसल्या. "पोरी, जागा कुठली?"

मोहिनीनं इकडे शाळा बघितली, तिकडे साळवण्याचं लाल छप्पर बघितलं, मग डोंगराच्या खिंडीकडे नजर लावली. शेरडं हाकणाऱ्या पोरीला वाट शोधायला पाटी लागत नाही!

"थोडं डावीकडं. अजून. बास! हितं!"

दोरी सोडली. पहिली गाठ गेली. दुसरी, तिसरी. दोरी सरकतच होती. चौथी, पाचवी. सहावी गाठ पाण्यात गेली आणि मग दोरी ढिली पडली.

"सहा पुरुष!" अमृत ओरडला. त्यानं फोटो काढला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "मोहिनी, ह्याच जागी साहेब गाडीला टेकून उभे होते."

"आता मासं हिंडत्यात तिथं," मोहिनी म्हणाली आणि दोघांनाही हसू फुटलं.

संध्याकाळी तात्यांनी फोन लावला. काय बोलायचं ते शिवानीनं त्यांच्याकडून तीनदा पाठ करून घेतलं होतं.

"सायेब, सुट्टी असली तरी मुलं नवी शाळा बघायला निघाल्यात. उद्या दहा वाजता आपल्या हातनं हिरवा झेंडा दाखवावा, अशी गावाची लई इच्छा हाय. हार, फेटा, सगळं हाय!"

हार आणि फेटा म्हटल्यावर घोलप साहेब न येतील तर नवलच!

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला गाडी आली. शाळेपुढे सतरा मुलं गणवेशात, पाठीला दप्तरं लावून रांगेत उभी. ठकुमावशी, पप्पूदादा, फुलाबाई, धापा टाकत पोहोचलेल्या अश्विनी मॅडम, सगळं गाव हजर. मागे काठीवर हनुवटी टेकून मोहिनीचे बाबा कोंडिबा उभे होते. लेक सकाळी दप्तर घेऊन का पळाली, ते बघायला ते डोंगर उतरले होते.

साहेबांनी फेटा बांधून घेतला. छोटंसं भाषणही केलं. मोठ्या शाळेत प्रगती होते, वगैरे वगैरे.

"साहेब," शिवानी पुढे आली, "रस्ता तुम्ही स्वतः पाहिलाय. पहिल्यांदा तुम्हीच आम्हाला न्या ना! एकच किलोमीटर आहे. मोठे साहेब म्हणजे आमचा आधार!"

"अवश्य, अवश्य!" साहेब खुलले. "चला मुलांनो!"

पुढे साहेब हिरवा झेंडा घेऊन, मागे सतरा मुलं, त्यांच्यामागे गाव. अशी मिरवणूक उतार उतरू लागली. शंभर पावलं झाली, दीडशे झाली. साहेबांची चाल मंदावली. रस्ता समोर होता. बैलगाडीची जुनी चाकोरी स्पष्ट दिसत होती. पण ती सरळ पाण्यात शिरत होती.

साहेब थांबले. पाण्याची एक लहानशी लाट त्यांच्या बुटावर आली.

"अरे, रस्ता चुकला वाटतं."

"न्हाई सायेब!" हणम्या मागून ओरडला. "ह्योच! आणखी नऊशे मीटर! चला की!"

मुलं खो खो हसली. साहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

"असेल गुडघाभर. पावसाळ्यात येतं थोडंफार. चार दगड टाकले की..."

अमृतनं शांतपणे दोरी पुढे केली. सहा गाठी, अजून ओल्या. मग तात्यांच्या मोबाईलमधला फोटो, त्यात साहेब आणि नंदी. आणि शेजारी कालचा फोटो, त्यात होडी आणि नुसतं पाणी.

"ही एकच जागा आहे साहेब," अमृत म्हणाला. "सहा पुरुष पाणी. आणि पप्पूदादांना विचारा, खरा रस्ता किती आहे."

"अठरा!" पप्पूदादानं ठणकावलं. "घाटातनं!"

"आन सही माझी हाय," तात्या पुढे आले. "न वाचता केलेली. ती चूक म्या सगळ्या गावासमोर कबूल करतो."

साहेब गडबडले. "होडीची सोय करता येईल... पट कमी आहे, नियम..."

तेवढ्यात मोहिनी रांगेतून बाहेर आली. ती सरळ साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, आमच्या धनगरवाड्यावर बी शाळा व्हती. दोन वर्सामागं बंद झाली. खाली जा म्हनले. माझी थोरली बहीण आरती तवा पाचवीत व्हती. वर्गात पयली यायची. पण तासाभराची वाट, आन म्हसरांमागं कुणीतरी पायजेच. बाबांनी तिला ठिवली आन मला धाडली. मी शाळंतनं गेले की ती माझं पुस्तक घेऊन बसती. उलटून-पालटून वाचती. आता ही शाळा बंद झाली तर मी बी घरी. मला म्हसरं आवडत्यात सायेब. पण मला भूमिती बी आवडती."

मागे कोंडिबांनी काठीवरची हनुवटी उचलली होती आणि ते जमिनीकडे बघत होते.

घोलप साहेबांनी डोक्यावरचा फेटा काढला.

"मी मे महिन्यात आलो होतो," ते म्हणाले. "पुन्हा यायला हवं होतं. एकदा पावसाळ्यात यायला हवं होतं. कागद आणा मॅडम. पाहणी आत्ता, इथंच उभं राहून लिहितो."

आणि त्यांनी लिहिली! तिथंच, पप्पूदादानं खाली पाण्याजवळ आणलेल्या टेम्पोच्या बॉनेटवर. अंतर अठरा किलोमीटर. जवळचा मार्ग वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली. समायोजन थांबवावं. खाली त्यांची सही, शेजारी तात्यांची. ह्या वेळी तात्यांनी चष्मा लावला होता आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली.

"माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी पाहणी कुणी अशी तपासली नव्हती," साहेब जाताना म्हणाले आणि त्यांनी शिवानीपुढे हात केला. "शाबास! हरकत कशी घ्यावी ते आमच्या लोकांनी तुमच्याकडून शिकावं."

"पोरांनी गावाची लाज राखली!" तात्यांनी हणम्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या तोंडातला लाडू बाहेर यायचा! पप्पूदादानं बेंच उतरवले, आणि ठकुमावशींनी त्याच पातेल्यात सगळ्या गावाला पुरेल एवढी खिचडी रांधली.

अमृत पान घेऊन कोपऱ्यात बसला होता. शिवानी त्याच्याजवळ गेली.

"काय झालं रे?"

"काही नाही. भारी वाटतंय," तो म्हणाला. मग पान बाजूला ठेवून, "आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही गं, किती लांब जायचं ते. मीसुद्धा नाही विचारलं. परत गेलो की त्या गॅरेजवर, माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडे, जाणार आहे. त्याला माझ्याबरोबर बसमध्ये घालतो."

"येईल तो?"

"नाही आला तर उचलून नेईन. ठकुमावशींना बोलवीन!"

आठ दिवसांनी वरून पत्र आलं. समायोजन रद्द. सुट्टी संपली, शाळेची घंटा झाली. अश्विनी मॅडमनी हजेरी घेतली. सतरा नावं, सतरा 'हजर'. त्या हजेरीपट मिटणार, एवढ्यात दारात काठी वाजली.

कोंडिबा होते. त्यांच्यामागे, पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतलेली एक उंच मुलगी. हातात वही नव्हती, म्हणून तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले होते.

"म्याडम," कोंडिबा म्हणाले, "हिचं बी नाव घाला. म्हसरं म्या बघतो."

"आरती?" मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. "ये, ये! आत ये आधी!"

"पाचवी अर्धी ऱ्हायलीया माझी," आरती कशीबशी म्हणाली.

"राहू दे. वयाप्रमाणे सातवीत बस. मागचं मी भरून काढते." मॅडमनी पुन्हा हजेरीपट उघडला आणि खाली नवी ओळ लिहिली. "अठरा नंबर. आरती कोंडिबा."

आरतीनं बहिणीकडे बघितलं. मोहिनीनं ओठ हलवून तिला शब्द सांगितला.

"हजर," आरती म्हणाली.

मोहिनीनं सरकून बेंचवर जागा केली.